दोन हजार सातोशींची वसुली, दीड लाखांचा खर्च: साखळीबाहेरच्या बिटकॉइन व्यवहारांचे एक प्रकरण

एका छोट्या ऑनलाइन प्रकाशन संस्थेला आपल्या वाचकांकडून लाइटनिंग नेटवर्कवरून, म्हणजे प्रत्येक देवाणघेवाण बिटकॉइनच्या मूळ साखळीवर (ब्लॉकचेनवर) न नोंदवणाऱ्या जाळ्यावरून, पैसे घ्यायचे आहेत. संस्था कल्पित आहे आणि तिच्या रकमा हिशेबाच्या सोयीसाठी धरलेल्या आहेत. प्रोटोकॉलचे नियम, व्यवहारांची वजने आणि ज्या शुल्कवाढीत हे प्रकरण घडते ती शुल्कवाढ मात्र खरी आहे. संस्था शोध-अहवाल विकते. एका अहवालाची किंमत 2,000 सातोशी (सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटींवा भाग) आणि वार्षिक वर्गणी 1,00,000 सातोशी आहे. अहवालांचे विषय नाजूक असल्यामुळे कोणत्या वाचकाने कोणता अहवाल घेतला, हे बाहेर कळता कामा नये, आणि शक्यतो ते संस्थेलाही कळू नये, अशी तिची अट आहे. मनुष्यबळ तीन माणसांचे आहे आणि खर्चाला मर्यादा आहे.

साखळीबाहेरच्या देवाणघेवाणीचे वर्णन करताना खर्च, सुरक्षितता आणि खासगीपण ही तीन स्वतंत्र बटणे असल्यासारखे बोलले जाते. या प्रकरणात तसे दिसत नाही. तिन्हींचे बिल अखेर एकाच ठिकाणी, म्हणजे मूळ साखळीवरच्या शुल्कात फाडले जाते, आणि ते शुल्क ठरवणे संस्थेच्या हातात नसते.

सुरुवातीची मांडणी

संस्थेने एका मोठ्या राउटिंग नोडशी, म्हणजे इतरांचे पैसे पुढे पोहोचवणाऱ्या संगणकाशी, 20 लाख सातोशींचे एक चॅनेल (दोघांतले सामाईक खाते) उघडले. चॅनेल उघडणाऱ्याची सर्व रक्कम आरंभी त्याच्याच बाजूला असते, त्यामुळे पैसे येण्यासाठी समोरच्या बाजूला काहीच शिल्लक नसते. म्हणून संस्थेने लाइटनिंगवरची रक्कम घेऊन ती साखळीवर देणारी स्वॅप सेवा वापरून 12 लाख सातोशी साखळीवर परत घेतले आणि तेवढी जागा येणाऱ्या पैशांसाठी मोकळी केली. चॅनेल नेटवर्कवर जाहीर केले होते. सॉफ्टवेअरची सर्व मूल्ये मूळ स्थितीत ठेवली होती. ज्या दिवशी शुल्क कमी असते त्या दिवशी एवढ्याने काम भागते आणि स्वस्तातही पडते.

यामागची व्यवस्था थोडक्यात अशी आहे. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी 2016 मध्ये मांडलेल्या रचनेत दोन्ही पक्ष चॅनेलच्या प्रत्येक नव्या स्थितीसाठी एक कमिटमेंट व्यवहार (साखळीवर टाकला की शिल्लक वाटून देणारा) तयार करून आपल्याजवळ ठेवतात. जुनी स्थिती साखळीवर टाकून फसवणारा पक्ष सापडला, तर दंड म्हणून त्याची सगळी शिल्लक समोरच्याला मिळते. मधल्या नोडांमधून जाणारी रक्कम एचटीएलसी नावाच्या सशर्त कुलपात असते: ठरलेल्या हॅशचे गुपित (हॅश म्हणजे गुपितावरून काढलेला ठसा, ज्यावरून उलट गुपित काढता येत नाही) मुदतीत दाखवले तर पैसे मिळतात, नाहीतर ते पाठवणाऱ्याकडे परत जातात. तेव्हा इथली सुरक्षितता म्हणजे वेळ आलीच तर मुदतीच्या आत साखळीवर जाऊन आपला हक्क वसूल करता येईल, ही खात्री आहे. ती वसुली किती महाग पडेल याबद्दल प्रोटोकॉल काहीच हमी देत नाही.

मे 2023 मधला प्रसंग

मे 2023 च्या पहिल्या आठवड्यात बिटकॉइनच्या साखळीवर नोंदल्या जाणाऱ्या बीआरसी-20 टोकनांच्या लाटेमुळे बिटकॉइनचा मेमपूल, म्हणजे नोंदीची वाट पाहणाऱ्या व्यवहारांची रांग, तुंबला. 7 मे रोजी एका ब्लॉकमधले (साखळीत एकदम नोंदल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्यातले) एकूण शुल्क, ब्लॉक तयार करणाऱ्याला मिळणाऱ्या त्या वेळच्या 6.25 बिटकॉइन एवढ्या ठरावीक बक्षिसाच्याही वर गेले. त्याच दिवशी बायनान्स या एक्सचेंजने बिटकॉइन काढून घेण्याची सोय काही काळ थांबवली, आणि जुलैमध्ये तिने लाइटनिंगची सोय सुरू केली. या क्रमाकडे लक्ष द्यायला हवे: साखळी महागली की लोक साखळीबाहेर धावतात, आणि नेमक्या त्याच काळात साखळीबाहेरच्या छोट्या रकमांचे संरक्षण सर्वांत महाग झालेले असते.

आपल्या प्रकरणात याच दिवसांत एका वाचकाने 2,000 सातोशी पाठवले. एचटीएलसी संस्थेपर्यंत पोहोचली, संस्थेने गुपित सोडले आणि वाचकाला अहवाल मिळाला. त्याच क्षणी भागीदार नोड बंद पडला. एचटीएलसी मिटवल्याची पोच आली नाही. गुपित भागीदारापर्यंत पोहोचले की नाही, हे संस्थेला कळायला मार्ग नव्हता.

लाइटनिंगची नियमावली इथे स्पष्ट आहे. ज्या एचटीएलसीचे गुपित दिले आहे ती मुदतीच्या पुरेशी आधी मिटली नाही, तर नोडने चॅनेल सक्तीने बंद करून साखळीवर वसुली करायची. त्यासाठी मुदतीपूर्वी 18 ब्लॉक, म्हणजे साधारण तीन तास, हे अंतर वाजवी मानले आहे. या नियमात रकमेचा उल्लेख नाही. संस्थेचा नोड आज्ञाधारकपणे चॅनेल बंद करायला निघाला.

आता बिल पाहू. अँकर पद्धतीच्या, म्हणजे शुल्क नंतर वाढवता येणाऱ्या, चॅनेलात कमिटमेंट व्यवहाराचे मूळ वजन 1,124 एकक असते आणि प्रत्येक एचटीएलसीमुळे त्यात 172 एककांची भर पडते. एकूण 1,296 एकक, म्हणजे 324 व्हर्च्युअल बाइट (शुल्क यावर मोजतात; चार एककांचा एक). एचटीएलसी वसूल करणाऱ्या व्यवहाराचे वजन 706 एकक, म्हणजे सुमारे 177 व्हर्च्युअल बाइट. दोन्ही मिळून जवळपास 500 झाले. प्रति व्हर्च्युअल बाइट (पुढे नुसते बाइट) 300 सातोशी हा दर धरला तर खर्च दीड लाख सातोशींवर जातो. शुल्क वाढवण्यासाठी जोडावा लागणारा व्यवहार, त्यासाठी लागणारा वेगळा इनपुट (खर्चासाठी जोडलेली आधीची रक्कम) आणि नंतर पैसे गोळा करण्याचा व्यवहार हे सर्व यात धरलेलेच नाही. 2,000 सातोशींच्या वसुलीसाठी दीड लाख! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हणसुद्धा इथे सौम्य वाटेल. शिवाय चॅनेल उघडणारा पक्ष संस्था असल्यामुळे कमिटमेंट व्यवहाराचे शुल्क तिच्याच शिलकीतून जाणार होते.

आणखी एक अडचण तयारीची होती. अँकर पद्धतीत आयत्या वेळी शुल्क वाढवता यावे म्हणून साखळीवर थोडी रक्कम राखून ठेवावी लागते. एलएनडी हे लाइटनिंग नोड चालवण्याचे सॉफ्टवेअर प्रत्येक चॅनेलमागे 10,000 सातोशी राखते. 300 च्या दराने एवढ्या रकमेत 33 बाइट येतात, म्हणजे एक साधा इनपुटसुद्धा मावत नाही.

खर्चाइतकेच नुकसान खासगीपणाचे होणार होते, पण ते कोणत्याही बिलावर दिसत नाही. सक्तीने चॅनेल बंद झाले की दोन्ही बाजूंची अखेरची शिल्लक सार्वजनिक होते. एचटीएलसी वसूल करताना तिची रक्कम आणि गुपित साखळीवर कायमचे नोंदले जाते. त्या गुपितावरून हॅश निघतो, आणि तोच हॅश वाचकाच्या इनव्हॉइसमध्ये, म्हणजे त्याला दिलेल्या पैशांच्या मागणीपत्रात, असतो. ज्याच्या हाती तो इनव्हॉइस लागेल त्याला अमुक वाचकाचे पैसे अमुक चॅनेलात आले, एवढा पुरावा मिळतो. म्हणजे सुरक्षिततेसाठी उचललेल्या एकाच पावलाने तिजोरीही रिकामी होत होती आणि पडदाही उठत होता.

मुदत कशाला आहे आणि कशाला नाही

या प्रसंगातला निर्णायक प्रश्न असा आहे की चॅनेल बंद न केल्याने नेमके काय धोक्यात आले असते. चॅनेलमधली संस्थेची स्थिर शिल्लक धोक्यात नव्हती, कारण तिला मुदत नसते. भागीदार दोन दिवसांनी परत आला तरी ती तशीच असते, आणि त्याने जुनी स्थिती टाकलीच तर दंडाची तरतूद आहे. मुदत फक्त त्या एका एचटीएलसीला होती. भागीदाराला गुपित मिळाले असेल तर तो मागच्या नोडकडून 2,000 सातोशी घेऊन ते स्वतःकडे ठेवू शकला असता. मिळाले नसेल तर वाचकाचे पैसे त्याला परत गेले असते. दोन्ही बाबतींत संस्थेचे कमाल नुकसान 2,000 सातोशींचे होते.

यातून एक साधा मापदंड निघतो: रकमेला 500 ने, म्हणजे वरच्या दोन व्यवहारांच्या बाइटांनी, भागावे. जो दर येईल त्याच्या वर साखळीचे शुल्क गेले, तर ती रक्कम साखळीवर लढवणे परवडत नाही. 2,000 सातोशींसाठी हा दर प्रति बाइट 4 सातोशी आहे, जो गजबजलेल्या दिवसांत सहज ओलांडला जातो. 1,00,000 च्या वर्गणीसाठी तो 200 आहे. म्हणजे अशा दिवसांत एका अहवालाच्या किमतीला या व्यवस्थेत तांत्रिक संरक्षण नव्हतेच. होता तो भागीदाराच्या सचोटीवरचा विश्वास, आणि त्याला सुरक्षितता म्हटले जात होते. माझ्या मते लाइटनिंगबद्दलच्या बहुतेक वादांत हीच गोष्ट गाळली जाते, कारण विश्वासाशिवाय चालणारी व्यवस्था हे वाक्य उच्चारायला सोपे आहे.

खासगीपणाची गळती कुठून होत होती

सक्तीची बंदी टळली असती तरी मूळ मांडणीत दुसरी गळती चालूच होती. लाइटनिंगमधला निरोप 1,366 बाइटांच्या कांद्यासारख्या पाकिटात जातो आणि मधल्या प्रत्येक नोडला फक्त आधीचा आणि पुढचा नोड कळतो. ही रचना भक्कम आहे. पण चॅनेल जाहीर केले की त्याची क्षमता आणि ते उघडणारा साखळीवरचा व्यवहार सर्वांना दिसतो, आणि आतली शिल्लक फुकटात मोजता येते. मोजणारा एक बनावट हॅश घेऊन संस्थेकडे रक्कम पाठवतो. भागीदाराच्या बाजूला तेवढी शिल्लक असेल तर पाकीट संस्थेपर्यंत जाते आणि अनोळखी हॅश म्हणून परत येते. नसेल तर भागीदारच तात्पुरता अडथळा असल्याचा निरोप देतो. दोन उत्तरे वेगळी आहेत, एवढ्यावर काम होते. दर वेळी अंतर अर्धे करत गेले की 20 लाखांच्या चॅनेलातली शिल्लक 21 प्रयत्नांत एका सातोशीपर्यंत सापडते, आणि अयशस्वी प्रयत्नाला शुल्क पडत नाही. त्यात संस्थेचा प्रत्येक अहवाल बरोबर 2,000 सातोशींना असल्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या शिलकींतला फरक 2,000 ने भागला की दिवसाची विक्री हातात येते.

चॅनेल जाहीरच करू नये, हा उपाय लगेच सुचतो, आणि तो अर्धाच उपाय आहे. अघोषित चॅनेल जगापासून लपते. पण ज्या नोडला एकच अघोषित चॅनेल आहे त्याच्याकडून पैसे पुढे जाणे शक्य नसते, हे भागीदाराला ठाऊक असते. त्यामुळे आलेली प्रत्येक रक्कम संस्थेचीच आहे, हे त्याला खात्रीने कळते. जगापासून लपावे तर शेजाऱ्यासमोर उघडे पडावे लागते. जाहीर चॅनेल ठेवून इतरांचीही देवाणघेवाण आपल्यातून जाऊ दिली तर शेजारी संभ्रमात राहतो, पण त्यासाठी जास्त भांडवल अडकवावे लागते आणि शिल्लक पुन्हा जगाला मोजता येते.

मार्गावरच्या दोन नोडांनी संगनमत केले तर तोच हॅश दोन्हीकडे पाहून एकच देवाणघेवाण ओळखता येते. याच दुबळेपणाच्या आधारे मधल्या नोडांचे शुल्क लाटता येते, हे 2019 मध्ये मालावोल्टा आणि सहकाऱ्यांनी दाखवले. प्रत्येक टप्प्यावर वेगळे कुलूप लावणारी रचना त्यांनीच सुचवली होती. नोव्हेंबर 2021 मधल्या टॅपरूट या बिटकॉइनच्या सुधारणेनंतर अशी रचना बिटकॉइनवर अधिक सुटसुटीतपणे करता येते, पण ती प्रमाण प्रोटोकॉलमध्ये आलेली नाही. तोवर हाताशी असलेला एक उपाय म्हणजे मुदतीत मुद्दाम यादृच्छिक ब्लॉक वाढवणे, म्हणजे उरलेल्या मुदतीवरून शेवटचा नोड किती जवळ आहे याचा अंदाज येत नाही. त्याची किंमत अशी की देवाणघेवाण अडकलीच तर पैसेही तितके जास्त ब्लॉक अडकतात.

विचारात घेतलेले मार्ग

पहिला मार्ग कोणातरी मोठ्या सेवेकडे खाते उघडून सगळे तिच्यावर सोपवण्याचा. खर्च जवळपास शून्य, चॅनेलची कटकट नाही. पण संस्थेची संपूर्ण उलाढाल, वेळा आणि रकमा एका जागी जमा होतात आणि पैसेही त्या सेवेच्या ताब्यात राहतात. वाचकांबाबतच्या अटीशी हे विसंगत असल्याने तो मार्ग लवकर सोडून द्यावा लागतो.

दुसरा मार्ग पाच-सहा चॅनेले आणि शुल्काचा मोठा राखीव निधी यांचा. तांत्रिकदृष्ट्या तो सर्वांत सशक्त आहे. परंतु 2,000 सातोशींच्या मालाची दुकानदारी करणाऱ्या संस्थेने लाखो सातोशी निष्क्रिय ठेवावेत, हे हिशेबात बसत नाही, आणि 4 च्या मापदंडाला त्याने काहीच फरक पडत नाही.

तिसरा मार्ग रक्कमच मोठी करण्याचा: वाचकाने एकदम दहा अहवालांचे 20,000 सातोशी भरावेत. परवडणारा दर 4 वरून 40 वर जातो आणि चॅनेलच्या स्थिती दहापट कमी वेळा बदलतात. पण आगाऊ रकमेचे खाते ठेवले की त्या खात्यावर वाचकाचे दहाही अहवाल एकाखाली एक नोंदले जातात. खर्च आणि सुरक्षितता सुधारते, खासगीपण मात्र आधीपेक्षा वाईट होते. अनेक संस्था इथेच थांबतात, कारण खासगीपणाच्या तोट्याची तक्रार करायला त्या दिवशी कोणी येत नाही.

स्वीकारलेली रचना

या कोंडीतून वाट निघते ती जुन्या कल्पनेतून. डेव्हिड चॉम यांनी 1982 मध्ये अंध स्वाक्षरी मांडली: सही करणाऱ्याला मजकूर न दिसता त्यावर सही मिळवता येते आणि नंतर ती खरी आहे हे तपासता येते. वाचक 20,000 सातोशी लाइटनिंगने भरतो आणि त्याबदल्यात दहा झाकलेल्या टोकनांवर संस्थेची सही घेतो. पुढे एकेक टोकन देऊन तो अहवाल उतरवून घेतो. टोकन खरे आहे आणि आधी वापरलेले नाही, एवढेच संस्थेला कळते. ते कोणत्या खरेदीतले आहे, हे तिला कळत नाही.

अशा टोकनांवरचा नेहमीचा आक्षेप असा की ती देणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. सर्वसाधारण पैशासाठी तो योग्यच आहे. इथे टोकन देणारा आणि अहवाल देणारा एकच आहे. अहवाल मिळेल या भरवशावर वाचक पैसे देणारच होता, त्यामुळे नवा विश्वास जवळजवळ मागितला जात नाही. दोन अटी मात्र पाळाव्या लागतात. प्रत्येक वाचकासाठी वेगळी किल्ली वापरून संस्था त्याला गुपचूप खूण करू शकते, म्हणून सहीची सार्वजनिक किल्ली सर्वांसाठी एकच असावी, ती जाहीर असावी आणि सही त्याच किल्लीची आहे याचा पुरावा टोकनासोबत द्यावा. दुसरी अट किल्ली बदलण्याच्या काळाची आहे. किल्ली वरचेवर बदलली तर त्या काळातले थोडेच वाचक एका गर्दीत येतात आणि ओळखणे सोपे होते. ती वर्षभर ठेवली तर गर्दी मोठी होते, पण किल्ली चोरीला गेल्यास नुकसानही मोठे होते.

चॅनेलांच्या बाबतीत संस्थेने परस्परांशी संबंध नसलेल्या दोन भागीदारांकडे प्रत्येकी एक अघोषित चॅनेल ठेवले आणि इनव्हॉइसमध्ये चॅनेलच्या खऱ्या क्रमांकाऐवजी टोपणक्रमांक दिला. कोणत्याही एका भागीदाराला निम्मेच चित्र दिसते. पूर्ण लपणे यात नाही, पण दोन चॅनेलांच्या खर्चात यापेक्षा जास्त मिळत नाही.

सक्तीच्या बंदीसाठी 500 चा मापदंड नोडच्या नियंत्रणात लिहिला गेला: अडकलेल्या एचटीएलसीची रक्कम चालू दराने परवडत नसेल तर ती सोडून द्यायची आणि चॅनेल चालू ठेवायचे. यात एक उघड धोका आहे. संस्था छोट्या रकमा लढवत नाही हे भागीदाराला कळले, तर तो मुद्दाम त्या अडकवू शकतो. म्हणून अशा न लढवायच्या रकमांची बेरीज 1,00,000 सातोशींवर गेली की पुढच्या छोट्या रकमा संस्था गुपित न सोडता परत पाठवते. गुपित सोडायचे की नाही हे अखेरपर्यंत घेणाऱ्याच्या हातात असते, आणि तेवढ्या एका अधिकारावर ही मर्यादा उभी आहे. वर्गणी मात्र 200 च्या दरापर्यंत लढवली जाते. 20 एप्रिल 2024 रोजी बक्षीस निम्मे झाले त्या 8,40,000 क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये 37 बिटकॉइनहून अधिक शुल्क जमा झाले होते; अशा दिवशी हाच नियम वर्गणीही सोडून द्यायला सांगेल, आणि ते संस्थेने मान्य केले आहे.

न सुटलेला भाग

वॉचटॉवरचा प्रश्न अर्धवट राहिला. संस्थेचा नोड बंद असताना भागीदाराने जुनी स्थिती टाकली तर तिच्या वतीने दंडाचा व्यवहार करणारा हा पहारेकरी आहे. एलएनडीच्या पद्धतीत त्याला प्रत्येक स्थितीसाठी जुन्या व्यवहाराच्या ओळखक्रमांकावरून काढलेली 16 बाइटांची खूण आणि एक कुलूपबंद पाकीट मिळते. फसवणूक साखळीवर आली तरच पूर्ण ओळखक्रमांक कळून पाकीट उघडते. त्यामुळे त्याला रकमा दिसत नाहीत. पण पाकिटे किती आणि केव्हा आली हे दिसते, आणि त्यावरून उलाढालीची गती कळते. टोकनांमुळे पाकिटे दहापट कमी झाली, म्हणून साठवणीचा खर्च आणि ही गळती दोन्ही घटली.

अडचण शुल्काची आहे. दंडाच्या व्यवहारावर सही आधीच केलेली असते, म्हणून त्याचा शुल्कदरही आधीच ठरतो, आणि मूळ मूल्य प्रति बाइट 10 सातोशी आहे. मे 2023 सारख्या आठवड्यात असा व्यवहार मेमपूलच्या तळाशी पडून राहील. समोरच्याने टाकलेल्या व्यवहारातली त्याची रक्कम ठरावीक ब्लॉकांपर्यंत गोठलेली असते, आणि तेवढ्या काळात शुल्क उतरले तरच दंड वसूल होतो. हा काळ एलएनडीमध्ये चॅनेलच्या आकारानुसार 144 ते 2,016 ब्लॉकांच्या दरम्यान ठरतो. दर 100 ठेवला तर साधारण दिवसांत फसवणूक झाल्यास दंडातला मोठा वाटा विनाकारण शुल्कात जातो. संस्थेने दर 60 ठेवला, भागीदारांची रक्कम गोठण्याचा काळ 1,008 ब्लॉक, म्हणजे साधारण एक आठवडा, मागून घेतला, आणि शुल्कदर 60 च्या वर गेला की तिघांपैकी एकाने नोड स्वतः चालू असल्याची खात्री करायची, असे ठरवले.